‘हा कशात हुशार आहे?’

२ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन जवळ आला की शाळेतला एक जुना निबंध नवे कपडे घालून समाजमाध्यमांवर फिरू लागतो. विज्ञान शाप की वरदान, मोबाइल शाप की वरदान, तसं आता स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, शाप की वरदान. एका बाजूला आइन्स्टाइन, न्यूटन आणि रामानुजन यांची चित्रं एका ओळीत लावून ‘हे सगळे ऑटिस्टिक होते’ असं ठणकावलं जातं. यांतल्या एकाचंही असं निदान कुणी केलेलं नाही, आणि मेलेल्या माणसाची तपासणी चरित्रातल्या किश्श्यांवरून होत नसते, हे कुणी बोलत नाही. त्याखाली एखादी थकलेली आई लिहिते की माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याला अजून स्वतःची चड्डी बदलता येत नाही, कसलं वरदान घेऊन बसलात? मग दोन दिवस जुंपते. गंमत अशी की दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट न बोलता मान्य केलेली असते: मुलाकडे काही करामत असेल तर त्याचं मोल, नसेल तर नुसता भार. भांडण फक्त करामत आहे की नाही एवढ्यावर.

माझं म्हणणं असं की काही स्वमग्न माणसांकडे दिसणारी विलक्षण क्षमता, जिला सॅव्हंट कौशल्य म्हणतात, ती आधी एक कौशल्य आहे. ती सरावानं वाढते, तिला नियम असतात, ती चुकते, आणि शिकवणारा भेटला तर पुढे जाते. नियतीनं दिलेली भरपाई म्हणून तिची आरती ओवाळणं चूक आहे. ‘चाळा’ म्हणून ती मोडून काढणंही चूकच. आणि मुलाला मिळणाऱ्या मदतीशी तिचा हिशेब जोडणं ही सगळ्यांत मोठी चूक.

आकडे आधी बघू, कारण ते फार सैल हातानं वापरले जातात. ‘दहा टक्के स्वमग्न मुलं सॅव्हंट असतात’ हे वाक्य मुख्यतः बर्नार्ड रिमलंड यांच्या १९७८च्या पाहणीतून आलं. सुमारे ५,४०० मुलांच्या पालकांना विचारलं गेलं आणि ९.८ टक्के मुलांबाबत ‘हो, काहीतरी विलक्षण आहे’ असं उत्तर मिळालं. म्हणजे हे मोजमाप पालकांच्या सांगण्यावर उभं आहे. २००९मध्ये पॅट्रिशिया हाउलिन आणि सहकाऱ्यांनी १३७ स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत पालकांच्या माहितीला बुद्धिमापन चाचण्यांची जोड दिली, तेव्हा आकडा २८.५ टक्क्यांवर गेला. दहाचे अठ्ठावीस झाले ते मुलं बदलल्यामुळे नव्हे. व्याख्या रुंद झाली. या क्षेत्रात आयुष्य घालवलेले विस्कॉन्सिनचे डॉक्टर डॅरोल्ड ट्रेफर्ट तीन पायऱ्या करत. पहिली, गाड्यांचे नंबर किंवा रेल्वेची वेळापत्रकं पाठ असण्यासारखी सुटी कौशल्यं. दुसरी, त्या मुलाच्या बाकीच्या कुवतीच्या मानानं उठून दिसणारी कला. आणि तिसरी, कोणत्याही माणसाच्या मानानं अचाट म्हणावी अशी. या तिसऱ्या पायरीवरचे लोक त्यांच्या मते जगभरात शंभरही नव्हते. आपल्यापर्यंत पोचणारे व्हिडिओ तिसऱ्या पायरीचे असतात आणि शेजारच्या मुलाकडून अपेक्षाही तिसऱ्याच पायरीची केली जाते.

त्यात १९८८च्या ‘रेन मॅन’ या चित्रपटानं आणखी एक घोळ घातला. त्यातलं पात्र ज्याच्यावरून सुचलं तो सॉल्ट लेक सिटीचा किम पीक मुळात स्वमग्न नव्हता. त्याच्या मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा जाड पूल जन्मतःच नव्हता. हजारो पुस्तकं लक्षात ठेवणाऱ्या या माणसाला शर्टाची बटणं लावायला मात्र वडिलांची मदत लागायची. पडद्यावर आला तो स्वमग्नतेचा चेहरा म्हणून, आणि नंतरच्या दोन पिढ्यांनी स्वमग्नता त्या चेहऱ्यावरून ओळखली.

आता एक कौशल्य जवळून बघू. तारीख सांगितली की वार सांगणारी मुलं या चर्चेतली सगळ्यांत लाडकी. पाहणाऱ्याला वाटतं, याच्या डोक्यात दोनशे कालनिर्णय टांगलेली आहेत. प्रत्यक्षात दिनदर्शिका ही फार शिस्तीची वस्तू आहे. वर्ष ३६५ दिवसांचं, म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. म्हणून तीच तारीख दर वर्षी एक वार पुढे सरकते, आणि मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन. वर्षाची सुरुवात सातपैकी एका वारी आणि वर्ष लीप किंवा साधं, म्हणजे एकूण फक्त १४ दिनदर्शिका शक्य आहेत. दर २८ वर्षांनी गाडी मूळ पदावर येते. महाराष्ट्र राज्य झालं तो १ मे १९६० रविवार होता. १ मे १९८८ रविवार. १ मे २०१६ रविवार. एप्रिल आणि जुलै नेहमी एकाच वारी सुरू होतात, कारण मध्ये बरोबर ९१ दिवस, म्हणजे १३ आठवडे. मार्च आणि नोव्हेंबरचंही तसंच, मध्ये ३५ आठवडे. ज्याला हे जोडे दिसले त्याचं निम्मं काम झालं.

पण त्या मुलाला हे कुणी शिकवलं? बहुधा कुणीच नाही. लंडनच्या बीएट हर्मेलिन आणि नील ओ’कॉनर यांनी १९८०च्या दशकात अशा व्यक्तींच्या चाचण्या घेतल्या. तारीख आजपासून जितकी दूर, तितका उत्तराला वेळ जास्त लागतो, असं त्यांना दिसलं. डोक्यात नुसते फोटो साठवलेले असते तर १९२४ला आणि २०२४ला सारखाच वेळ लागला असता. वेळ वाढतो म्हणजे कुठून तरी कुठेतरी चालत जावं लागतं. काही नियम वापरात आहेत, ते वापरणाऱ्याला शब्दांत सांगता येत नाहीत इतकंच. आपल्यालाही ‘मी गेलो’ आणि ‘मी आंबा खाल्ला’ यांतला फरक चौथ्या वर्षी बिनचूक येतो. व्याकरणाचा नियम विचारला तर पदवीधरही अडखळतो. आपल्याकडे एका पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ होते. पेढीवरचा मुनीम बोलता बोलता औटकीत हिशेब सांगायचा आणि त्याला कुणी चमत्कार म्हणत नव्हतं, कारण त्यामागची छडी सगळ्यांनी खाल्लेली होती. दिनदर्शिकेशी रोज तासन्‌तास बसणाऱ्या मुलाचा सराव कुणी पाहिलेला नसतो. मग निकाल तेवढा आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

संगीतातही हेच दिसलं. जॉन स्लोबोडा, हर्मेलिन आणि ओ’कॉनर यांनी १९८५मध्ये एका स्वमग्न तरुण पियानोवादकाची परीक्षा प्रसिद्ध केली. नॉर्वेच्या ग्रीगची साठहून जास्त मात्राखंडांची रचना त्यानं बारा मिनिटांत जवळजवळ निर्दोष उचलली. मग त्याला बार्टोकची एक छोटी रचना ऐकवली, जी त्याच्या ओळखीच्या स्वररचनेच्या चौकटीत बसत नव्हती. तिथे तो अडखळला, आणि तुलनेसाठी बसवलेला साधा पियानोवादक त्याच्यापेक्षा बरा ठरला. टेपरेकॉर्डरला ग्रीग काय नि बार्टोक काय. ज्याला फरक पडतो तो संगीत ऐकत असतो, त्यातली रचना समजून घेत असतो. ‘नुसती यांत्रिक स्मरणशक्ती’ हा शब्दप्रयोग इथे गळून पडतो.

मग स्वमग्न मुलांतच हे जास्त का? याचं एकच उत्तर अजून नाही, पण दोन धागे भक्कम आहेत. एक म्हणजे तपशील आधी दिसण्याची सवय. रंगीत ठोकळ्यांतून दाखवलेली नक्षी जुळवायची चाचणी असते, तीत अनेक स्वमग्न मुलं समवयस्कांना मागे टाकतात. आपल्याला आधी अख्खी नक्षी दिसते आणि ती फोडायला कष्ट पडतात. त्यांना ती फुटलेलीच दिसते. दुसरा धागा म्हणजे एकाच विषयात न कंटाळता राहण्याची ताकद. या दोन्ही गोष्टी बहुसंख्य स्वमग्न मुलांत कमी-जास्त प्रमाणात असतात, कौशल्य ‘सॅव्हंट’ पदाला पोचो न पोचो. २००७मध्ये मॉन्ट्रियलच्या मिशेल डॉसन, लोरां मॉत्रों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बोलण्यावर अवलंबून असलेल्या नेहमीच्या बुद्धिमापनाऐवजी रेव्हनच्या आकृत्यांची चाचणी दिली, तर त्यांनी तपासलेल्या स्वमग्न मुलांचा क्रमांक सरासरी ३० शतमक (पर्सेंटाइल) वर जातो. माझ्या मते एकट्यादुकट्या जादूगार मुलापेक्षा ही बातमी कितीतरी मोठी आहे. तिचा व्हिडिओ होत नाही, एवढाच तिचा दोष.

आता वरदानवाल्यांची बाजू, आणि ती कमकुवत नाही. ते म्हणतात, ‘रेन मॅन’ चुकीचा असेल, पण त्याआधी ऑटिझम हा शब्द किती जणांनी ऐकला होता? लोक कौतुकानं थांबतात, मग समजून घेतात. डेन्मार्कच्या एका कंपनीनं २००४पासून स्वमग्न माणसांना सॉफ्टवेअर तपासणीच्या कामावर घेतलं, आणि पुढे एसएपीसारख्या बड्या कंपनीनंही भारतातल्या अनुभवानंतर तो कित्ता गिरवला. दयेपेक्षा कौतुक बरं नाही का?

बरं आहे, आणि चांगली नोकरी कुणाला नको? अडचण कौतुकाची किंमत कोण भरतं इथे आहे. टॉम नावाच्या एका पियानोवादकाचा जन्म १८४९चा, अमेरिकेतल्या जॉर्जियातला. जन्मतः अंध, गुलाम, पुढे ‘ब्लाइंड टॉम’ म्हणून गाजलेला. एकदा ऐकलेली रचना पियानोवर उमटवायचा. १८६०मध्ये त्यानं व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांपुढे वाजवलं. त्याच्या कार्यक्रमांचा पैसा बेथ्यून या मालक कुटुंबाच्या खिशात गेला. गुलामगिरी कायद्यानं संपल्यावर ‘पालकत्वा’चे खटले झाले, आणि १९०८मध्ये मरेपर्यंत तो कुणा ना कुणाच्या ताब्यातच राहिला. टाळ्या वाजवणाऱ्या हजारोंपैकी त्याला स्वातंत्र्य मिळावं म्हणून किती जण उठले? कौतुक आणि हक्क वेगवेगळ्या रस्त्यांनी जातात, हे याहून स्पष्ट कसं दिसणार? आजच्या मुलाला घरात बोलावून, पाहुण्यांपुढे उभं करून, ‘काकांची जन्मतारीख सांग’ म्हणत मोबाइल चालू करणं हे त्या रंगमंचाचं घरगुती रूप आहे. प्रमाणात जमीन-अस्मानाचा फरक, मान्य. पण त्याला विचारलं नाही, ही गोष्ट तीच.

दुसरी किंमत करामत नसलेली मुलं भरतात. ‘देव एका हातानं काढून घेतो आणि दुसऱ्या हातानं देतो’ हे वाक्य सांत्वन म्हणून उच्चारलं जातं आणि चौकशी म्हणून घरात शिरतं: मग हा कशात हुशार आहे? उत्तर ‘कशातच नाही’ असेल तर देवानं दुसरा हात पुढे केलाच नाही असा अर्थ निघतो, आणि आई-बाप तो हात शोधत सिंथेसायझर, अबॅकस, चित्रकला, बुद्धिबळ असे क्लास पालथे घालतात. आंधळ्यांच्या बाबतीत आपण हे करून चुकलो आहोत. दृष्टी नाही म्हणजे गळा गोड असणारच, म्हणून अंध माणूस दिसला की त्याला ‘सूरदास’ म्हणायचं आणि पेटी पुढे करायची. ज्याला हिशेबनीस किंवा वकील व्हायचं होतं त्याचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. ‘दिव्यांग’ या सरकारी शब्दाला अनेक अपंग संघटनांनी हरकत घेतली ती यासाठीच. अंगात दिव्य शोधू नका, जिन्याशेजारी उतार बांधा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

समोरची बाजूही ऐकू. थेरपिस्ट म्हणतात, दिवसाचे तास मोजके. मुलाला दात घासणं, शू सांगणं, रस्ता ओलांडणं शिकवायचं आहे. तो तारखांत अडकला की शिकवणी बंद पडते. हे खरं आहे, आणि पन्नाशीतल्या आईला विचारलं तर ती तारखांपेक्षा दात घासणंच निवडेल. नादियाचं उदाहरण याच बाजूचं मानलं जातं. इंग्लंडमधली ही मुलगी तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून धावते घोडे असे काढायची की थोर चित्रकारांची आठवण व्हावी. लोर्ना सेल्फ यांनी १९७७मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. पुढे ती थोडं बोलू लागली आणि चित्रांतला तो जोम ओसरला. ‘भाषा आली, कला गेली’ असं समीकरण तेव्हापासून रूढ झालं. पण त्याच सुमारास तिची आई वारली होती, हा तपशील समीकरणात धरला जात नाही. एका मुलीवरून नियम बांधायचा तर मग स्टीफन विल्टशरवरून का नको? १९७४मध्ये लंडनमध्ये जन्मलेला, पाच वर्षांचा होईपर्यंत न बोलणारा. शाळेतल्या शिक्षकांनी चित्राचं साहित्य थोडा वेळ बाजूला ठेवलं, त्यानं मागावं म्हणून. त्याच्या तोंडचा पहिला शब्द होता ‘पेपर’, म्हणजे कागद. (ही युक्ती मला पूर्ण पटत नाही. ज्या गोष्टीनं मूल शांत होतं ती ओलीस ठेवणं धोक्याचं असतं, आणि जिथे ती फसते तिथली नोंद कुणी छापत नाही.) तो बोलू लागला, पुढे कलाशाळेत शिकला, हेलिकॉप्टरमधून एकदा पाहिलेली शहरं कित्येक मीटर लांब कागदावर उतरवू लागला. भाषा आली आणि चित्रही वाढलं. चित्र हाच भाषेचा रस्ता झाला.

कौशल्याला रोग मानण्याची सवय आपल्या कागदांतही शिरली आहे. स्वमग्नतेच्या प्रमाणपत्रासाठी भारतात रूढ झालेल्या आयएसएए या मापनश्रेणीत ४० कलमं आहेत. प्रत्येकाला १ ते ५ गुण, जितके जास्त तितकं अपंगत्व जास्त. त्यातलं ३९वं कलम विलक्षण स्मरणशक्तीचं आणि ४०वं सॅव्हंट क्षमतेचं. म्हणजे मूल तारखा बिनचूक सांगत असेल तर त्याचा अपंगत्वाचा गुणांक वाढतो. निदानाच्या दृष्टीनं यामागे तर्क आहे, नाही असं नाही. पण तपासणीच्या खोलीत जे लक्षण म्हणून मोजलं गेलं, तेच बाहेरच्या बाकावर बसलेल्या आत्याला ‘गॉड्स गिफ्ट’ वाटतं. मुलानं कुणाचं ऐकावं?

मग करायचं काय? आधी जे दिसतंय ते नेमकं काय आहे हे तपासायचं. तीन-चार वर्षांचं मूल एसटीच्या पाट्या आणि वर्तमानपत्राचे मथळे धडाधड वाचतं तेव्हा घर आनंदतं. मराठीत हा धोका इंग्रजीपेक्षा मोठा आहे, कारण देवनागरीत बहुतेक जसं लिहिलं तसंच वाचायचं. मुळाक्षरं आणि बाराखडी पक्की झाली की अर्थाशिवायही अस्खलित वाचता येतं. शाळा म्हणते ‘वाचतो की छान’ आणि आकलनाकडे कुणी बघत नाही. तपासणी सोपी आहे. कागदावर लिहा, ‘चमचा वाटीत ठेव.’ बोलू नका, खूण करू नका, चमच्याकडे बघूही नका. मुलानं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि चमचा जागीच राहिला, तर वाचन आहे, अर्थ अजून जोडायचा आहे. मग तिथूनच सुरुवात: एका शब्दाची चिठ्ठी (‘बस’, ‘उठ’, ‘दे’), मग वस्तू आणि क्रिया, मग दोन टप्प्यांची सूचना. ऐकून न समजणारी अनेक मुलं लिहिलेलं समजू लागतात. म्हणजे ज्या ‘नुसत्या’ वाचनाला आपण नावं ठेवत होतो, तोच त्याच्याशी बोलायचा दरवाजा निघतो.

तारखांचंही तसंच. १९६०चा वार सांगणाऱ्या मुलाला ‘परवा दवाखान्यात जायचंय’ हे कळत नाही, असं वारंवार दिसतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. मराठीतला परवा मागेही जातो आणि पुढेही. त्याला ‘१४ तारीख, मंगळवार, दवाखाना’ असं भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून दाखवा. रडारड बरीच कमी होते, कारण येणारी गोष्ट आता त्याच्या भाषेत आली. पुढची पायरी औषधाच्या पट्ट्या आणि बिस्किटांचे पुडे: कोणतं आधी संपतं त्या क्रमानं मांडायचं. हे किराणा दुकानात, औषधांच्या गोदामात रोज लागणारं काम आहे. इथे हमखास फसतं ते दोन ठिकाणी. ०५/०६ यात दिवस कुठला आणि महिना कुठला ते ठरलेलं नसतं. आणि ‘०८/२६’ असं नुसतं महिना-वर्ष छापलेलं असेल तर दिवस नाही म्हणून मूल अडून बसतं, काही वेळा पट्टी भिरकावतं. नियम आधीच सांगून ठेवायचा: दिवस नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. नियम मिळाला की तोच मुलगा खोक्यातला एकही पुडा सोडत नाही.

आणि ज्याला यातलं काहीच येत नाही? त्याला २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यानं, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असल्यास, वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्या कलमात ‘मुलात विशेष गुण आढळल्यास’ अशी अट नाही. शाळेच्या दारात ‘हा कशात हुशार आहे?’ असं विचारलं गेलं तर उत्तर द्यायला पालक बांधील नाहीत.

आता एकदा त्या तारखांच्या मुलाला १ मे २१०० विचारून बघा. २८ वर्षांच्या उड्या मारत तो २०१६, २०४४, २०७२ करत पोचेल आणि कदाचित ‘रविवार’ म्हणेल. प्रेक्षक टाळ्या वाजवतील. त्यांच्यातल्या कुणाला पडताळता येतंय? पण २१०० हे लीप वर्ष नाही. शतकाचं वर्ष ४००नं भागलं गेलं तरच लीप, म्हणून २००० होतं आणि २१०० नसेल. फेब्रुवारी एका दिवसानं तुटतो आणि वार शनिवार येतो. जो मोठा माणूस हे जाणून त्याच्याशेजारी बसेल, १८००, १९००, २०००, २१०० कागदावर लिहून चारशेचा भागाकार त्याला दाखवेल, त्याच्याकडे तो मुलगा दुसऱ्या दिवशी स्वतःहून येईल, बहुधा २२००चा १ मे घेऊन.